रतनराव हिवराळ्यांची दुपारची झोप

१

दर शनिवारी सकाळी दहाला रतनराव हिवराळे मुलुंडमधल्या एका वाचनालयाच्या वरच्या हॉलमध्ये चरस म्हणजे काय ते सांगत. समोर प्लास्टिकच्या खुर्च्यांवर वीस-पंचवीस आईबाप असत. एकमेकांकडे कुणी बघत नसे. ओळखीचं माणूस भेटू नये म्हणून लोक मुद्दाम लांबून येत. अंधेरी-बोरिवलीचे मुलुंड गाठत आणि मुलुंडचे कुठे जात असतील ते त्यांचं त्यांना ठाऊक.

रतनराव एका कॉलेजच्या रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेत तेहतीस वर्षं सहायक होते. नळ्या, बाटल्या आणि तराजू यांत आयुष्य गेलेलं, त्यामुळे बोलणंही तोलून असे. एकाच झाडाची तीन रूपं, असं ते सुरू करत. पानं वाटली की भांग, शेंड्याची फुलं वाळवली की गांजा, आणि त्या फुलांवर जो चिकट चीक असतो तो म्हणजे चरस. डोंगरातली माणसं उभी झाडं दिवसभर दोन तळव्यांत चोळतात. संध्याकाळपर्यंत तळव्यांवर काळा थर बसतो, तो खरवडून त्याच्या गोळ्या नाहीतर कांड्या करतात. मग ते धूप आणि मेण मळून स्वतः केलेली एक खोटी गोळी हातोहात फिरवायला देत. बाहेरून काळी, मोडली की आतून तपकिरी-हिरवट. आया ती मेलेला किडा उचलावा तशी दोन बोटांत धरत आणि पटकन शेजारी देत.

पोरं ती तंबाखूत मिसळून ओढतात, ते सांगत. कुणी सिगारेटमधून, कुणी चिलमीतून. घरात सिगारेट शोधत बसू नका, ती राहत नाही. गुंडाळी शोधा. सिगारेटच्या तोंडाशी पुठ्ठ्याची करंगळीच्या पेराएवढी गुंडाळी लावतात, ती खिशात राहून जाते. लग्नपत्रिकेचा कोपरा कापलेला दिसला तर थांबा. कपड्यांवर मोहरीएवढी जळकी भोकं बघा. दुपारचं जेवलेलं पोर पुन्हा साखर-पोळी खायला बसलं तर बघा.

ओढल्यावर आतून कसं वाटतं हे विचारायला कुणाची जीभ रेटत नसे, म्हणून तेही ते आपणहून सांगत. वेळ लांबतो. पाच मिनिटांची अख्खी दुपार होते. कारण नसताना हसू येतं. जवळ बसलेलं माणूस फार जवळचं वाटतं. आणि पुढे पुढे उठून काही करावंसंच वाटत नाही.

शेवटी कुणीतरी विचारायचंच की साहेब, तुमचा मुलगा सुटला का यातून. तेव्हा रतनराव चष्मा पुसत आणि सांगत की माझा मुलगा चार वर्षांपासून घरी नाही. मग पुढे कुणी काही विचारत नसे. ही व्याख्यानं ठेवणाऱ्या व्यसनमुक्ती संस्थेची अक्षता उठून चहाचे कप वाटायला घ्यायची.

२

घाटकोपरला पंतनगरात सातव्या मजल्यावर त्यांच्या दोन खोल्या होत्या. बाहेरच्या खोलीत एका भिंतीला बुद्धाची आणि बाबासाहेबांची तसबीर, दुसऱ्या भिंतीला लागून कॉट. ते मूळचे बुलढाण्याकडचे. छप्पन साली त्यांच्या वडिलांनी नागपुरात दीक्षा घेतली तेव्हा घरातल्या देवांबरोबर भुतंखेतंही बाहेर काढली होती, असं रतनराव अभिमानानं सांगत. ज्याला पुरावा नाही ते नाही, एवढा सरळ हिशेब.

बायको नीलम तीन वर्षांपासून बोरिवलीला मुलीकडे, दीप्तीकडे राहत होती. नातीला सांभाळायला, असं सगळ्यांना सांगितलेलं. खरं कारण दोघांनाच माहीत होतं आणि दोघांनी ते कधी तोंडावर आणलं नव्हतं.

ती चार वर्षांपूर्वीच्या मे महिन्यातली एक संध्याकाळ होती. कृणाल दुसऱ्यांदा व्यसनमुक्ती केंद्रातून परत येऊन महिना झाला होता आणि त्याच्या शर्टाला पुन्हा तोच वास येत होता. जळक्या गवताचा, त्यात काहीतरी गोडसर. रतनरावांनी दाराची साखळी काढली नाही. फटीतून त्यांनी त्याला सांगितलं, शुद्धीवर ये, मग घरी ये. सव्वीस वर्षांचा पोरगा बाहेर उभा होता, घामानं निथळत. तो म्हणाला, "पप्पा, पाणी तरी द्या."

रतनरावांनी दार लावलं. नीलम स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात हातात भरलेला तांब्या घेऊन उभी होती. थोड्या वेळानं लिफ्टचं दार वाजलं.

पुढे केतन नावाच्या त्याच्या मित्रानं सांगितलं की कृणाल हिमाचलात गेलाय, वर कुठेतरी एका नदीच्या काठी. रतनराव तिकडे जाऊन बारा दिवस फोटो दाखवत हिंडले. नदी तेवढी सगळीकडे होती, तिचा आवाज कानातून जाता जात नव्हता. कृणाल नव्हता. पोलीस चौकीत तक्रार तशीच पडून राहिली. आल्यावर त्यांनी अक्षताच्या संस्थेत नाव घातलं आणि शनिवारची व्याख्यानं सुरू केली.

३

यंदाच्या मे महिन्यात, एका मंगळवारी दुपारी झोपून उठल्यावर त्यांनी सदऱ्याच्या खिशात चष्म्याचं फडकं शोधायला हात घातला आणि बोटांना एक गुंडाळी लागली. पुठ्ठ्याची, करंगळीच्या पेराएवढी, एका टोकाला पिवळट-तपकिरी झालेली.

पहिल्यांदा त्यांना वाटलं, कृणालची जुनी असणार, सदऱ्याच्या शिवणीत अडकून राहिलेली. त्यांनी ती उलगडली. आतून पुठ्ठा गुलाबी होता आणि त्यावर छापील अक्षरं होती: "शनिवार, सकाळी". त्यांच्याच व्याख्यानाचं कार्ड. ही गुलाबी कार्डं अक्षतानं एप्रिलमध्ये छापून घेतली होती.

त्यांनी मेजावरची कार्डं तपासली. सर्वांत वरच्या कार्डाचा कोपरा कापलेला नव्हता, फाडलेला होता, नीट नखानं रेघ मारून. कृणाल तसंच फाडायचा.

रतनरावांनी जे शहाण्या माणसानं करावं ते सगळं केलं. वॉचमनला विचारलं. दाराचं कुलूप बदलून घेतलं. वरच्या मजल्यावरच्या चंद्रप्रकाशकडे गेले. त्यानं चक्रावून आपलं घर दाखवलं, त्याच्याकडे तर अगरबत्तीचाही धूर नव्हता. संस्थेत कुणी आपली टर उडवतंय का, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

दोन दिवसांनी झोपून उठल्यावर सदऱ्याच्या बाहीवर मोहरीएवढं एक भोक दिसलं, कडा काळ्या झालेलं. त्यांनी बाही नाकाशी नेली. तो वास एकदा भेटला की विसरत नाही, असं ते स्वतःच लोकांना सांगत. दार आतून बंद होतं, कडी जशीच्या तशी. पंखा फिरत होता. घड्याळात सव्वाचार वाजले होते.

आणि त्यांना भूक लागली होती. दीडला पोटभर जेवलेला माणूस, पण ते उठले, डब्यातली गार पोळी काढली, तिच्यावर साखर पसरली आणि ओट्याशी उभं राहून खाल्ली. शेवटचा घास तोंडात असताना आपण काय करतोय ते त्यांच्या ध्यानात आलं.

४

संस्थेत लघवी तपासायच्या पट्ट्या असत. पालकांना दाखवायला हवी म्हणून त्यांनी अक्षताकडून एक मागून घेतली आणि बाथरूममध्ये गेले. पट्टीवर दोन रेघा उमटल्या तर माणूस स्वच्छ. वरची एकच उमटली तर त्याच्या अंगात चरस-गांजाचा अंश आहे. हे त्यांनी शेकडो जणांना समजावलं होतं.

एकच रेघ उमटली. ते उभे राहिले. पाच मिनिटांची दहा झाली, खालची रेघ आली नाही. त्यांनी बाहेर येऊन दुसरी पट्टी मागितली तेव्हा अक्षतानं त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि काही न विचारता दिली. तिच्यावरही एकच.

अक्षता त्यांच्या मुलीच्या वयाची, पण अशा प्रसंगात फार सरळ वागणारी. तिनं दार लोटून घेतलं. घरात कृणालचं काही राहिलंय का, विचारलं. रतनराव म्हणाले, चार वर्षांपूर्वी सगळं नीलमच्या डोळ्यांदेखत संडासात टाकून पाणी ओतलं होतं. शेजाऱ्याच्या धुरानं असं होईल का? ती म्हणाली, नाही. बंद खोलीत ओढणाऱ्याच्या मांडीला मांडी लावून तासन् तास बसलात तर कदाचित.

"काका, खरं सांगा. तुम्ही घेता का?"

"मी झोपतो गं," रतनराव म्हणाले. "दोनला झोपतो, चारला उठतो. मधलं मला माहीत नाही."

झोपेत चालणारी, झोपेत रांधणारी माणसं असतात, तिनं सांगितलं. एका डॉक्टरांचं नाव लिहून दिलं. दुःख माणसाकडून काय काय करून घेतं, असं काहीसं ती म्हणाली आणि त्यांच्या हातावर हात ठेवला. रतनरावांनी कागद घडी करून ठेवला. पण त्यांच्या मनात तिचं एकच वाक्य घोळत होतं: मांडीला मांडी लावून.

५

दुसऱ्या दिवशी झोपण्याआधी त्यांनी मोबाइलचं रेकॉर्डिंग सुरू केलं आणि तो कॉटच्या उशाला पुस्तकांवर उभा केला. उठल्यावर लगेच ऐकायचं धैर्य झालं नाही. सकाळी बागेतल्या बाकावर, चालायला आलेल्या माणसांच्या गर्दीत बसून त्यांनी कानाला लावलं.

आधी पंखा. खिडकीवरची कबुतरं. खाली रस्त्यावर रिक्षांचे हॉर्न. मग स्वतःचं घोरणं. ते ऐकून त्यांना संकोचल्यासारखं झालं. असं तास-सव्वा तास. मग घोरणं थांबलं. कॉट करकरली. आणि त्यांचा स्वतःचा आवाज आला, अगदी जागा:

"आलो रे, आलो."

दार वाजलं की उठता उठता आपण म्हणतो ना, तसंच. थोडा वेळ काहीच नाही. मग घटाघटा पाणी पिण्याचा आवाज. काडी ओढल्याचा आवाज. मग पुन्हा तेच: "बस ना इथे जवळ." आणि एका उत्तराएवढी शांतता. "हो का?" पुन्हा शांतता. "मग तू काय केलंस?" या वेळची शांतता लांब होती, एखादी गोष्ट सांगायला लागेल एवढी. आणि तिच्या शेवटी रतनराव हसले.

बाकावर बसलेल्या रतनरावांनी फोन कानापासून दूर धरला. चार वर्षांत ते हसले नव्हते. खरं तर त्याआधीही असे कधी हसले नव्हते, पोट धरून, पोरासारखे. कृणालशी तर नाहीच. त्याच्याशी ते मार्कांविषयी बोलायचे, नोकरीविषयी बोलायचे, त्याला कधी मग तू काय केलंस असं विचारलेलं त्यांना आठवेना.

पंखा, कबुतरं, हॉर्न यांतलं आता काही ऐकू येत नव्हतं. मागे कसलीतरी एकसारखी घरघर होती. स्वयंपाकघरातला नळ राहिला असेल, त्यांनी स्वतःला सांगितलं. शेवटी कुणीतरी खोकलं. तो खोकला त्यांचाच होता. पण तो संपायच्या आत त्याच्यावर दुसरा खोकला चढला, तरुण छातीतला, कोरडा. एका घशातून दोन खोकले एकदम येत नाहीत. हे मात्र समजायला प्रयोगशाळा लागत नाही.

६

मग ते जागे राहून बघू लागले. दोन वाजता चहा घेऊन खुर्चीत ताठ बसले. साडेतीन झाले, चार झाले. पंखा फिरत राहिला. कबुतरं आली, गेली. कुणी आलं नाही. दुसऱ्या दिवशीही तसंच, तिसऱ्या दिवशीही. सदऱ्याला नुसता साबणाचा वास.

चौथ्या दिवशी रतनराव आपणहून आडवे झाले.

त्यानंतर त्यांचा दिवस उलटा झाला. दुपारी झोपायचं आणि सकाळी बागेत जाऊन आपण काय बोललो ते ऐकायचं. उठल्यावर त्यांना काही म्हणजे काही आठवत नसे. जिभेवर तेवढी कडवट चव असे आणि अंगात एक जडशी, सुखाची गुंगी. आपल्याच आवाजाचा त्यांना हेवा वाटू लागला. फोनमधल्या त्या माणसाला पोरगा भेटत होता. तो त्याला बस म्हणत होता, त्याचं ऐकत होता, हसत होता. आणि हा बाकावरचा माणूस दुसऱ्याच्या घराला कान लावून बसावं तसा ऐकत बसला होता. जिथे कृणाल बोलत असेल तिथे फक्त ती घरघर.

एक विचार मात्र त्यांनी कित्येक दिवस दाराबाहेर ठेवला होता. तो एका सकाळी आत आलाच. बंद दारातून, सातव्या मजल्यावर, दुपारी कृणाल येत असेल, तर तो या जगात कुठेच नाही. त्याला भेटायचं तर तो गेला हे मान्य करायला हवं. नीलम दर रविवारी फोनवर आधी हेच विचारायची की चौकीतून काही कळलं का. तिला काय सांगायचं? तो रोज येतो म्हणून?

त्याच आठवड्यात, गुरुवारच्या रेकॉर्डिंगमध्ये, त्यांनी स्वतःला एक गोष्ट कबूल करताना ऐकलं. लांबलचक शांतता होती. मग त्यांचा आवाज, खालचा, आर्जवी: "परवा? शनिवारी?" शांतता. "बरं. शनिवारी राहतो."

रतनरावांनी ते चारदा ऐकलं. आपण कुणाला काय शब्द दिला ते त्यांना कळेना. कुठे राहतो? आणि किती दिवस? त्यांनी तिथूनच बोरिवलीला फोन लावला.

७

नीलम शनिवारी दुपारी जावयाच्या गाडीतून उतरली तेव्हा रतनराव नुकतेच मुलुंडहून आले होते. त्या दिवशी व्याख्यान अर्धवट राहिलं होतं. खोटी गोळी हातोहात फिरत असताना त्यांना पुढचं आठवेना. अक्षतानं सावरून घेतलं.

त्यांनी नीलमला सगळं सांगितलं. गुंडाळी, पट्ट्या, खोकला. सांगता सांगता त्यांनी तेही सांगून टाकलं, की येतो म्हणजे तो आता राहिलेला नाही. मग फोन तिच्या हातात दिला.

तिनं पदरानं कान झाकून, डोळे मिटून ऐकलं. एकदा ऐकलं, पुन्हा मागे नेऊन ऐकलं. रतनराव तिच्या रडण्याची वाट बघत होते. ती रडली नाही. तिच्या चेहऱ्यावर हळूहळू असं काही उमटलं की ते बघतच राहिले. दीप्ती झाली त्या दिवशी ती अशी दिसली होती.

"तुम्ही आलो म्हणताय," ती म्हणाली. "दार उघडायला जाताना म्हणतात तसं नाही हे. माणूस लांबून पोचला की म्हणतो तसं म्हणताय."

तिनं फोन पुन्हा कानाला लावला.

"पाणी तुम्ही प्यालात. शेवटी 'हां' करता ते तुम्हीच. आणि हा नळ नाही. एवढा नळ कुठे असतो? हे वाहतं पाणी आहे." तिनं फोन मांडीवर ठेवला. "तो नाही येत इथे. तुम्ही जाता."

रतनरावांना ते बारा दिवस आठवले, आणि रोज उशाशी वाजणारी ती नदी. त्यांना ती पहिल्याच रेकॉर्डिंगमध्ये ओळखू आली होती. त्यांनी ओळख दिली नव्हती एवढंच.

"म्हणजे तो आहे," नीलम म्हणाली.

त्यांनी शनिवारच्या शब्दाची भीती बोलून दाखवली. ती उठली, कॉटवरची चादर झटकली आणि म्हणाली की तुम्ही निजा, मी हात धरून बसते, कुठे जायचे नाही तुम्ही. फक्त त्याला गावाचं नाव विचारा. झोपताना मनाशी घोकत निजा: गावाचं नाव, गावाचं नाव.

तिनं त्यांचा उजवा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. तीन वर्षांत तिनं त्यांना हात लावला नव्हता. रतनरावांना वाटलं होतं झोप येणार नाही, पण घोकता घोकता ती आलीच.

८

जाग आली तेव्हा पावणेपाच वाजले होते. चादर गार होती, ओलसर. नीलम कॉटवर नव्हती. ती पार स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात, भिंतीला पाठ लावून बसली होती आणि आपले दोन तळवे मांडीवर उताणे ठेवून त्यांच्याकडे बघत होती.

त्यांनी काय झालं विचारलं. मग तिनं सांगितलं ते एवढंच. साडेतीनच्या सुमाराला हात बर्फासारखा गार पडला. तिचा जरा डोळा लागला होता, ती दचकून जागी झाली. तिनं हात सोडला नाही. बघितलं तर हात होता.

"फक्त हात होता," ती म्हणाली. "मनगटापर्यंत. पुढे चादर."

रतनरावांनी आपला उजवा हात डाव्या हातानं चाचपून पाहिला. मनगटाभोवती तिच्या बोटांचे लाल वळ उठले होते. तासभर घट्ट धरून ठेवल्यासारखे. त्यांनी विचारलं, मग तू काय केलंस. ती म्हणाली, "धरून बसले. आणि काय करणार?"

त्यांना गावाचं नाव आठवत नव्हतं. काहीच आठवत नव्हतं. दोघं जमिनीवर शेजारी शेजारी बसली आणि फोन मधे ठेवून त्यांनी ऐकायला घेतलं. पंखा, कबुतरं, घोरणं. मग ते सगळं मागे पडलं आणि पाणी आलं, या वेळी इतकं जवळ की नीलमनं नकळत साडी सावरली. रतनरावांचा आवाज: "आलो रे." पाणी पिणं. काडी. मग ते म्हणाले की आई विचारतेय, गावाचं नाव काय. शांतता. त्यांनी पुन्हा विचारलं. शांतता. मग जोरानं ओढाताण चालल्यासारखा श्वास, आणि रतनरावांचा रडवेला आवाज, की मला राहता येत नाहीये रे, काहीतरी ओढतंय.

आणि तेव्हा पहिल्यांदा तो बोलला. थकलेला, समजूतदार, जवळून:

"पप्पा, आईला सांगा, हात सोड म्हणावं."

नंतर नुसतं पाणी. रेकॉर्डिंग संपेपर्यंत.

नीलमनं फोन उचलला नाही, मागे नेला नाही. चार वर्षांनी पोराचा आवाज ऐकला होता आणि तो एवढंच बोलला होता. ती मघासारखीच आपल्या तळव्यांकडे बघत राहिली. रतनराव तिच्याकडे बघत राहिले. ती काय निवडेल ते त्यांना कळत नव्हतं आणि विचारायचा हक्क आपला नाही, हे कळत होतं.

"त्यानं हाक मारली तर मी नाही म्हणू शकत नाही," शेवटी ती म्हणाली. "पण सोडायचं म्हटलं तर तेही होत नाही. एकदा दाराशी सोडून बघितलंय."

९

रविवारी सकाळी नीलमनं दीप्तीला फोन केला. पप्पांना बरं नाही, मी चार दिवस इथेच राहते, फोन लागला नाही तर काळजी करू नको, असं सांगितलं. नातीला फोनवर बोलावून तिच्याशी बराच वेळ बोलली. मग वरण-भात लावला. दोघं जेवली. तिनं भांडी घासली, ओटा पुसला, गॅसचा कॉक बंद केला आणि स्टुलावर चढून माळ्यावरची बॅग काढली.

बाहेर रस्त्यावरचं डांबर मऊ झालं होतं. गच्चीचा पत्रा तडतडत होता. नीलमनं बॅगेतून रतनरावांचा जुना विणलेला स्वेटर काढला, त्यांच्या डोक्यातून घातला, बाह्या खाली ओढल्या. स्वतः शाल गुंडाळली, पायांत मोजे चढवले. रतनरावांच्या कपाळावरून घामाची धार लागली. ती म्हणाली, सहन करा थोडं, तिथे गार आहे, काल हाताला कळलं मला.

तिनं दोन उशा जवळ लावल्या आणि भिंतीच्या बाजूला आडवी झाली. एवढ्या अरुंद कॉटवर ती दोघं लग्नानंतरची पहिली दोन वर्षं झोपली होती, त्यानंतर कधी नाही. तिनं त्यांचा हात घेतला आणि बोटांत बोटं अडकवली.

"आज सोडायचा प्रश्न नाही," ती म्हणाली. "मिटा डोळे."

रतनरावांनी डोळे मिटले. त्यांना तिला काहीतरी सांगायचं होतं. त्या दिवशी तुझ्या हातात तांब्या होता ते मी पाहिलं होतं, असं काहीतरी. शब्द जुळेनात. पंखा फिरत होता. खालून भंगारवाल्याची आरोळी आली आणि लांब गेली. झोप येईना. उकाडा, लोकर. आपल्याला आज झोप लागलीच नाही तर काय, या विचारानं ते आणखीच जागे झाले. शेजारी नीलमचा श्वास मात्र संथ होत गेला. सकाळपासून काम केलेली बाई, तिला पडल्या पडल्या लागायची.

मग तो श्वास ऐकू येईनासा झाला.

त्यांच्या बोटांतली तिची बोटं गार पडू लागली. आधी टोकं, मग तळवा. शेजारची तिची उशी हलकी होऊन वर आली. हात होता. घट्ट होता. रतनरावांना फक्त मान वळवायची होती आणि डोळे उघडायचे होते.

त्यांनी ते मिटलेलेच ठेवले. तिचा हात दुसऱ्या हातानंही धरून छातीशी नेला आणि लहानपणी आई अंगावर थोपटायची त्या लयीत त्याच हातांनी ते स्वतःलाच थोपटू लागले, झोप लवकर यावी म्हणून.